ओलिंपियादा आणि ॲरिस्टॉटलचं स्टागिरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ग्रीसमधल्या या समुद्रकाठच्या गावाबद्दल लोक मला सतत विचारत असतात. काही प्रश्न इतक्यांदा आले, की त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. कुठलाही प्रश्न आधी वाचला तरी चालेल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑलिंपिक खेळ जिथे सुरू झाले ते गाव हेच का?

नाही, आणि ही गफलत महागात पडू शकते. खेळ सुरू झाले ते ऑलिंपिया, म्हणजे पार दक्षिणेला पेलोपोनीसमध्ये. देवांचा पर्वत ऑलिंपस तिसरीकडेच, थेसालोनिकीच्या नैर्ऋत्येला. आपण बोलतोय ते ओलिंपियादा हल्किदिकी या द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे, स्त्रिमोनास नदी ज्या आखाताला मिळते त्या आखाताच्या काठी. वस्ती काही शे लोकांची, थेसालोनिकीपासून साधारण १०० किलोमीटर. याच नावाची गावं ग्रीसमध्ये इतरत्रही आहेत. शिवाय आजच्या ग्रीक भाषेत ऑलिंपिक स्पर्धांनाही 'ओलिंपियादा'च म्हणतात. खोली शोधताना नुसतं गावाचं नाव टाकू नका, सोबत 'हल्किदिकी' लिहा.

२. एवढ्याशा गावात जायचं कशाला? आहे काय तिथे?

ॲरिस्टॉटलचं जन्मगाव आहे. गावाच्या किनाऱ्यावरून चालत निघालात तर थोड्याच वेळात समुद्रात घुसलेला एक डोंगराळ सुळका लागतो. त्याच्या दोन टेकड्यांवर प्राचीन स्टागिरा पसरलेलं आहे. इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्यावर आंद्रोस बेटावरून आलेल्या लोकांनी ते वसवलं. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस अथेन्सवर चालून निघाला, तेव्हा त्याचं सैन्य याच किनाऱ्याने गेलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्या वाटेवरच्या गावांत स्टागिराचं नाव नोंदवलं आहे. इ.स.पू. ४२४ मध्ये शहराने अथेन्सची साथ सोडून स्पार्टाचा सेनापती ब्रासिदास याचा पक्ष धरला. ॲरिस्टॉटलचा जन्म त्यानंतर ४० वर्षांनी, इ.स.पू. ३८४ मधला. वडील निकोमाकस वैद्य होते, मॅसिडोनियाच्या राजाच्या पदरी.

मला इथे पुन्हा पुन्हा ओढून नेते ती यापुढची गोष्ट. इ.स.पू. ३४८ च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने हे शहर उद्ध्वस्त केलं आणि माणसं परागंदा झाली, गुलामीत विकली गेली. काही वर्षांनी त्याच फिलिपने आपल्या मुलाला, सिकंदरला, शिकवायला ॲरिस्टॉटलला बोलावलं. प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की त्या शिकवण्याचा मोबदला म्हणून फिलिपने स्टागिरा पुन्हा वसवलं आणि देशोधडीला लागलेल्यांना घरी आणलं. आपल्याकडे गुरुदक्षिणेच्या गोष्टी कमी नाहीत, पण गुरूला त्याचं मोडलेलं गाव परत मिळाल्याची दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही.

ॲरिस्टॉटलचं मृत्युपत्र तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनिस लेर्टियसने उतरवून ठेवलं आहे. त्यात स्टागिरातल्या वडिलोपार्जित घराचा उल्लेख येतो. हर्पिलिस ही त्याची उत्तरायुष्यातली सोबतीण. तिला हवं तर कॅल्किस शहरातल्या घरात राहू द्यावं, हवं तर स्टागिराच्या, असं त्याने लिहिलं होतं. म्हणजे शेवटपर्यंत त्याच्या मनात हे घर होतं. दगडांमधून फिरताना ही ओळ आठवते.

३. मॅपवर 'स्टागिरा' टाकलं की डोंगरातलं एक गाव दाखवतो. समुद्र तर दिसतच नाही!

सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच. मीसुद्धा पहिल्या खेपेला चुकीच्याच स्टागिराला जाऊन उभी राहिले होते. मॅपवर दिसतं ते आजचं स्टागिरा, किनाऱ्यापासून आत डोंगरावर वसलेलं वेगळं गाव. तिथे ॲरिस्टॉटलचा पांढरा पुतळा आहे आणि त्याच्या भोवती 'ॲरिस्टॉटल उद्यान'. पुतळ्यामुळे लोकांना वाटतं की जन्मस्थान इथेच. प्रत्यक्ष उत्खनन झालेलं शहर ओलिंपियादाला लागून आहे, म्हणून मॅपवर 'प्राचीन स्टागिरा' शोधा किंवा सरळ ओलिंपियादा गाठा.

डोंगरावरचं गाव मात्र टाळू नका, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. उद्यानात लंबक, लोलक, भिंगं, सूर्यघड्याळ, आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचवणाऱ्या अन्वस्त (वाडग्यासारख्या खोलगट) तबकड्या अशी खेळून पाहायची उपकरणं मांडलेली आहेत. ऊन असेल तेव्हा जा, कारण अर्धी उपकरणं उन्हाशिवाय चालत नाहीत. दोन्ही स्टागिरांना जोडणारी पायवाटही आहे. ती पट्टीच्या चालणाऱ्यांसाठी, दिवसभराची.

४. प्राचीन शहरात पाहायला नेमकं काय उरलं आहे? खांबबिंब आहेत का?

अथेन्ससारखे उभे संगमरवरी खांब डोळ्यांपुढे असतील तर निराशा होईल. इथे आहेत त्या तटबंदीच्या भिंती, घरांचे पाये, दगडी रस्ते, देवळांच्या जोत्या आणि दोन टेकड्यांमधल्या खळग्यात बाजारचौक. चौकात एका लांब ओसरीचे अवशेष आहेत, तिला ग्रीक 'स्टोआ' म्हणतात. लोक इथे सावलीला बसत, व्यवहार करत, वाद घालत. तटबंदी चढत चढत दक्षिणेकडच्या टेकडीच्या माथ्यावर जाते आणि तिथून दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. कोकणातल्या एखाद्या जलदुर्गाच्या बुरुजावर उभं राहिलेल्याला ही जागा का निवडली असेल हे सांगावं लागणार नाही.

घाई केलीत तर अर्ध्या तासात 'बघून' होईल. दोन तास ठेवा, सकाळी लवकर जा, पाणी जवळ घ्या आणि पायांत बंद बूट घाला. समोर समुद्रात दिसणाऱ्या बेटाचं प्राचीन नाव काप्रोस, म्हणजे रानडुक्कर. बंदराचं नावही तेच होतं.

५. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना वर जाता येईल का?

माथ्यापर्यंत नाही. वाट चढाची आहे, दगड असमान आहेत आणि खाली उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो. खालच्या भागात थोडं फिरून त्यांना सावलीत बसवा, नाहीतर गावात पाण्याकाठच्या एखाद्या कॉफीच्या दुकानात. ग्रीसमध्ये एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. उलट लवकर उठलात तर काही बिनसलं का, असं विचारतील.

६. ॲरिस्टॉटलची समाधी खरंच सापडली आहे का?

मे २०१६ मध्ये ही बातमी जगभर गेली. ॲरिस्टॉटलच्या जन्माला २४०० वर्षं झाली म्हणून थेसालोनिकीत जागतिक परिषद भरली होती. स्टागिराचं उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ कोस्तास सिस्मानिदिस यांनी तिथे सांगितलं, की नालाच्या आकाराची एक वास्तू ॲरिस्टॉटलची समाधी असावी. आधार काय होता? ॲरिस्टॉटल इ.स.पू. ३२२ मध्ये कॅल्किसला वारला. नंतर गावकऱ्यांनी त्याच्या अस्थी काशाच्या कलशातून स्टागिराला आणल्या आणि त्या जागी वेदी बांधली, असं मध्ययुगीन हस्तलिखितांत आणि एका अरबी चरित्रात येतं. ही वास्तू त्या काळाशी जुळते, बाजारचौकाजवळ आहे आणि तिची जमीन संगमरवरी आहे.

पण नाव कोरलेला दगड मिळालेला नाही आणि कलशही नाही. सिस्मानिदिस यांनी स्वतः 'पुरावा' हा शब्द वापरला नाही, 'भक्कम खुणा' म्हटलं. माझ्या मते अनुमान सुंदर आहे आणि शक्यतेतलं आहे, पण मुलांना सांगताना 'असावी' हा शब्द गाळू नका. ज्याने माणसाला पुराव्याने विचार करायला शिकवलं, त्याच्याच दारात उभं राहून आपण तेवढं तरी पाळावं.

७. व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, आणि प्रवासविम्यात निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ मिळायला त्रास होतो, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. ग्रीससोबत इतर देश करत असाल, तर जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

८. थेसालोनिकीहून कसं जायचं? गाडी चालवायची नसेल तर?

गाडीने सुमारे दीड तास. एग्नातिया महामार्गाने पूर्वेला निघायचं, कोरोनिया आणि वोल्वी ही दोन तळी वाटेत सोबत करतात. पुढे स्ताव्रोस गावाकडे उतरायचं आणि किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने ओलिंपियादा. हा शेवटचा टप्पा देखणा आहे, पण अंधारात पहिल्यांदा चालवू नका. वाहन उजव्या बाजूने चालवायचं असतं. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या.

बसने जाणाऱ्यांची एक चूक ठरलेली. 'माकेदोनिया' हे थेसालोनिकीचं मोठं बसस्थानक शहराच्या पश्चिमेला आहे आणि बहुतेक जण आधी तिथेच पोचतात. हल्किदिकीच्या बसेसचं स्थानक वेगळं, शहराच्या पूर्वेला आहे. फेऱ्या थोड्या असतात आणि शनिवार-रविवारी आणखी कमी होतात. परतीची वेळ जातानाच विचारून घ्या.

९. कधी जावं?

जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबर. मे महिन्यात डोंगर फुलांनी भरलेले असतात, पण पाणी आपल्याला गारच वाटेल. ऑगस्टमध्ये पाणी सर्वांत उबदार, २५ अंशांच्या आसपास, पण ग्रीक कुटुंबं सुट्टीवर येतात आणि १५ ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाच्या आगेमागे खोली मिळणं कठीण होतं. उन्हाळ्यात गावात शिंपल्यांचा उत्सव भरतो, तेव्हाही गर्दी असते. हिवाळ्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

१०. समुद्र आपल्या कोकणासारखाच आहे का? पोहता येत नाही, लहान मूल बरोबर आहे.

खूप वेगळा. पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. भूमध्य समुद्रात ती जेमतेम जाणवते, त्यामुळे सकाळी जिथे टॉवेल ठेवला तिथे संध्याकाळीही पाणी जवळपास तेवढ्याच अंतरावर असतं. दुसरी गोष्ट पाण्याची. तळ स्पष्ट दिसतो, आणि त्यामुळे खोली फसवते. कमरेएवढं वाटलेलं पाणी गळ्याएवढं निघतं. मुलाचा हात सोडू नका. वारा नसेल तर पाणी तळ्यासारखं असतं. उत्तरेकडून वारा सुटला की लाटा येतात, मग त्या दिवशी वाळूतच खेळा.

तिसरी गोष्ट दिशेची. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे उन्हाळ्यात तो समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी गावामागच्या डोंगराआड जातो. सूर्यास्तासाठी किनाऱ्यावर येऊन बसलेले मराठी पाहुणे मी पाहिले आहेत. तुम्ही पहाटे उठा.

गावापुढचा किनारा लहान मुलांना सोयीचा आहे. प्राचीन शहराखालच्या आणि स्त्रातोनी गावाच्या रस्त्यावरच्या लहान खाड्या जास्त निवांत, पण तिथे खडक आहेत. खडकांवर काळ्या काट्यांचे गोळे दिसतील, ग्रीक त्यांना 'अखिनोस' म्हणतात. पाय पडला तर काटे मोडून आत राहतात, म्हणून रबरी चपला घालूनच पाण्यात उतरा. या प्राण्याच्या तोंडातल्या पाच दातांच्या रचनेला प्राणिशास्त्रात आजही 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात. त्याच्या लिखाणात कंदिलाची उपमा आहे.

११. मग ॲरिस्टॉटलने समुद्री जीवांचा अभ्यास इथेच केला म्हणायचं का?

तसं म्हणता येत नाही. तो १७ व्या वर्षी अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत गेला आणि तिथे २० वर्षं राहिला. समुद्री प्राण्यांबद्दलची त्याची बरीच निरीक्षणं लेस्बोस बेटावरच्या पिरा नावाच्या खाजणाशी जोडलेली आहेत, आणि ते नाव त्याच्या लिखाणात वारंवार येतं. त्याचं बालपण मात्र समुद्राकाठच्या गावाशी जोडलेलं होतं, एवढं नक्की.

१२. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

अजिबात नाही. ग्रीक घरगुती जेवणात डाळी-कडधान्यं आणि भाज्या आपल्याइतक्याच आहेत, फक्त मागता यायला हव्यात. 'गिगांदेस' म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे पावटे. 'गेमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. 'ब्रियाम' ही भाजलेल्या भाज्यांची मिसळ, 'मेलिद्झानोसालाता' हे वांग्याचं भरीत म्हणा हवं तर. 'होर्ता' म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. टाकळा-कुर्डू खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्याच घासात घरचं वाटेल. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र सॅलड, फळं, दही, ब्रेड आणि होर्ता यांवरच भर द्यावा लागेल.

दोन वाक्यं पाठ करा. 'इमे होर्तोफागोस', म्हणजे मी शाकाहारी आहे. आणि 'होरिस क्रेआस, होरिस प्सारी', म्हणजे मांस नको, मासा नको. दुसरं वाक्य जास्त उपयोगी, कारण काही जणांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे.

विचारून खायचे पदार्थ तीन. गेमिस्ता आणि द्राक्षाच्या पानांच्या 'दोल्मादाकिया' खिमा घालूनही करतात, बिनखिम्याच्या हव्या असतील तर 'यालान्जी' म्हणा. भात किंवा सूप कधी कधी कोंबडीच्या रश्शात शिजवलेलं असतं. आणि फेटा चीज परंपरेने जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने (रेनेटने) लावतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फेटा टाळावा.

१३. पाटीवर 'निस्तीसिमो' म्हणजे उपवासाचं असं लिहिलं होतं. ते शाकाहारी समजून चालेल ना?

ओलिंपियादात तर मुळीच समजू नका. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासात मांस, अंडी, दूधदुभतं आणि मासे वर्ज्य असतात. शिंपले, कोळंबी आणि माखूल मात्र चालतात. गाव शिंपल्यांचं, त्यामुळे 'उपवासाच्या' थाळीत तेच समोर येण्याचा संभव मोठा. म्हणजे आपल्या हिशेबाच्या अगदी उलट, दूध नाही पण शिंपला आहे! उपवासाचा शब्द उपयोगी पडतो तो दूध-अंडंही न खाणाऱ्यांना, तेही सोबत 'होरिस थालासिना', म्हणजे समुद्रातलं काहीही नको, असं जोडल्यावर.

१४. आम्ही मालवणचे, सगळं खातो. काय चुकवू नये?

'मिदिया'! आपल्या शिणाण्यांचे हे भाऊबंद. कवच काळं-निळं, आतलं मांस केशरी. आखातात त्यांची शेती होते, किनाऱ्यावरून पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपांच्या ओळी दिसतात आणि शिंपल्यांचे दोर त्यांच्याखाली लोंबत असतात. 'मिदोपिलाफो' हा शिंपल्यांचा भात आधी मागवा, मग टोमॅटो आणि फेटा घातलेलं 'सागानाकी'. तिखट नसतं आणि खोबरंही नसतं. शिंपल्याचा स्वतःचा रस हीच चव, त्यामुळे वर मसाला भुरभुरवायची घाई करू नका. न उघडलेला शिंपला खायचा नाही, हा नियम तुम्हाला सांगायला नको.

१५. गावातले लोक प्राचीन स्टागिराकरांचे वंशज आहेत का? आणि सिकंदरच्या आईची गोष्ट खरी का?

जुनं शहर इसवी सनाच्या आरंभापर्यंत ओस पडलं होतं, प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने तसं लिहून ठेवलं आहे. आजचं गाव १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीनंतरचं. आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, घरदार सोडून आलेल्या ग्रीक निर्वासितांनी ते वसवलं. बेघर झालेल्या माणसांनी या किनाऱ्यावर संसार मांडायची ही दुसरी वेळ (पहिली प्रश्न २ मध्ये आली आहे). म्हाताऱ्या माणसांशी बोलायचा योग आला तर फाळणीतून आलेल्या घरांत आपल्याकडे ऐकू येते तशीच भाषा ऐकू येते : 'तिकडे आमचं…'

सिकंदरच्या आईचं, ऑलिंपियासचं, नाव गावाला लागलं असं सांगतात. तिला समोरच्या बेटावर हद्दपार केलं होतं, अशी कथा आहे. ही गोष्ट लोककथा म्हणूनच ऐका.

१६. नवरा ॲथॉसच्या मठांत जाणार आहे. मलाही जाता येईल का?

नाही. ॲथॉस पर्वतावर स्त्रियांना प्रवेश नाही, ही बंदी हजार वर्षांहून जुनी आहे आणि ग्रीक कायद्यानेही लागू आहे. पुरुषांनाही आधी परवाना लागतो. ऑर्थोडॉक्स नसलेल्यांसाठी दिवसाला १० जागा असतात, म्हणून कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. तुम्हाला उरानुपोलीहून सुटणाऱ्या बोटीतून मठ पाहता येतील. स्त्रिया असलेली बोट किनाऱ्यापासून ५०० मीटर लांब राहते, तेव्हा दुर्बीण न्या. वाटेत नेआ रोदाजवळ झर्क्सिसने जहाजांसाठी खणवलेल्या कालव्याची जागा लागते. सुमारे २ किलोमीटर लांबीचा तो कालवा आता बुजून सपाट झाला आहे, पण थांबून जमिनीचा उतार पाहण्यासारखा आहे.

१७. नोव्हेंबरमध्ये कामासाठी थेसालोनिकीला आहे. एका दिवसात जाऊन येऊ का?

एरवी मी एका दिवसाच्या फेरीला नाहीच म्हणते आणि निदान तीन रात्री राहायला सांगते, कारण सकाळचा समुद्र आणि संध्याकाळचं गाव हेच मुख्य आहे. उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही कायद्याने शांततेची वेळ असते. एका दिवसासाठी आलेला माणूस नेमका तेव्हाच गावात पोचतो आणि सगळं बंद पाहून हिरमुसतो.

नोव्हेंबरची गोष्ट निराळी. बहुतेक खोल्या आणि खानावळी तेव्हा बंदच असतात, त्यामुळे मुक्काम जमणार नाही, पण प्राचीन शहरात तुमच्याशिवाय कुणी नसण्याची शक्यता मोठी. हिवाळ्याच्या वेळा तोकड्या असतात. आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून स्थळ उघडं असल्याची खात्री करा, सकाळी ८ च्या आत निघा आणि जेवण स्ताव्रोसला उरका. पाऊस पडून गेला असेल तर तटबंदीजवळचे दगड निसरडे असतात. जमिनीवर खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. ग्रीसमध्ये प्रत्येक प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीची असते आणि बॅगेत सापडली तर गुन्हा ठरतो. फोटो काढा आणि तुकडा होता तिथेच राहू द्या.